अंतरिम पोटगी: चार लोक काय सांगतात, कायदा काय सांगतो

घटस्फोटाचा दावा दाखल झाला की घरात सल्ल्यांची रीघ लागते. मामा एक सांगतो, शेजारीण दुसरं, मोबाइलवरचे व्हिडिओ तिसरंच. सगळ्यात जास्त गोंधळ असतो तो अंतरिम पोटगीबद्दल, आणि या गोंधळाची किंमत बहुतेक वेळा ज्याच्या हातात पैसा नाही तोच मोजतो.

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २४ मध्ये ही तरतूद आहे. दावा चालू असताना ज्या जोडीदाराला निर्वाहापुरतं आणि कोर्टखर्चापुरतं स्वतःचं उत्पन्न नाही, तो दुसऱ्याकडून दरमहा रक्कम आणि दाव्याचा खर्च मागू शकतो. कोण चुकलं, कोणी कोणाला छळलं, याचा निवाडा दाव्याच्या शेवटी व्हायचा असतो. तोवर एकाकडे नामांकित वकील आणि दुसरीकडे तारखेला यायला एसटीचं भाडंही नाही, अशी विषम लढत होऊ नये, एवढ्यासाठी हे कलम आहे.

म्हणूनच ‘ती आपणहून माहेरी गेली, आता तिला काय मिळणार?’ हा प्रश्न इथे गैरलागू ठरतो. कलम २४ मध्ये घर कोणी सोडलं, अशी अट नाही. आदेश न्यायाधीशांच्या विवेकावर असतो आणि पक्षकारांचं वर्तन ते विचारात घेऊ शकतात, एवढंच. ही समजूत आली आहे ती फौजदारी कायद्यातल्या पोटगीवरून. पूर्वीचं कलम १२५, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. तिथे सबळ कारणाशिवाय वेगळं राहणाऱ्या पत्नीला पोटगी नाकारता येते. पण नवऱ्याने दुसरं लग्न केलं असेल तर ते सबळ कारणच आहे, असं कलमातच म्हटलं आहे. नांदायला येण्याचा हुकूमनामा नवऱ्याने मिळवला आणि ती गेली नाही, तरी तेवढ्यावरून तिचा हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं.

दुसरा गैरसमज बायकांमध्येच खोल रुजलेला आहे: ‘पोटगी घेतली म्हणजे घटस्फोटाला होकार दिला.’ नांदायचीच इच्छा असलेल्या कित्येक जणी या भीतीने अर्जच करत नाहीत. भावाच्या संसारात मिंध्या राहतात, मुलांची फी उसनवारीने भरतात. ही भीती निराधार आहे. अंतरिम पोटगी घेऊनही घटस्फोटाला शेवटपर्यंत विरोध करता येतो. मला नांदायचं आहे आणि तोवर मला खर्च हवा, या दोन्ही गोष्टी एकाच कोर्टात, एकाच वेळी म्हणता येतात.

‘बायको शिकलेली आहे, कमवू शकते’ हा बचाव तर ठरलेलाच. कमावण्याची क्षमता असणं आणि प्रत्यक्ष कमावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितलं. दहा वर्षं मुलं आणि सासू-सासऱ्यांचं करण्यात गेलेल्या बी.एड. झालेल्या बाईला उद्या सकाळी शाळेत नोकरी मिळत नाही. ती थोडंफार कमावत असली तरी सासरच्या राहणीमानाला ते पुरतं का, हे पाहिलं जातं. मात्र दोघांची मिळकत जवळपास सारखी असेल, तर पत्नीचा स्वतःसाठीचा अर्ज फेटाळला जाऊ शकतो. मुलांच्या खर्चाचा प्रश्न तेव्हाही स्वतंत्र राहतो.

मग रक्कम किती? ‘पगाराच्या पंचवीस टक्के’ हा आकडा लोकांच्या तोंडी इतका बसला आहे की तो कायद्यातच असावा असं वाटतं. तो कुठल्याही कलमात नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७० आणि २०१७ च्या निकालांत, त्या त्या प्रकरणापुरतं, ते प्रमाण योग्य मानलं गेलं. प्रत्यक्षात रक्कम ठरते ती दोघांच्या मिळकतीवर, गरजांवर, अवलंबून असलेल्या माणसांवर आणि राहणीमानावर.

ही मिळकत कळते प्रतिज्ञापत्रावरून, आणि माझ्या मते अंतरिम पोटगीची सगळी लढाई या कागदावर असते. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून निघालेल्या एका प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालमत्ता आणि देणी जाहीर करणारं प्रतिज्ञापत्र दोन्ही बाजूंना बंधनकारक केलं. पगार, बँक खाती, घर, दागिने, गुंतवणूक, कर्जं, महिन्याचा खर्च, सगळं त्यात येतं. शेतकरी कुटुंबांसाठी वेगळा नमुना आहे. ‘शेतीचं काय धरणार, कधी पिकतं कधी नाही’ असं म्हणून सुटता येत नाही. सातबारा आहे, पिकाची नोंद आहे, कारखान्याचं ऊसबिल बँकेत जमा झालेलं आहे. नोकरी सोडून ‘मी बेकार’ म्हणणाऱ्यालाही हेच लागू. धडधाकट, शिकलेला माणूस केवळ बेकारीचं कारण सांगून जबाबदारीतून सुटत नाही, असं तो निकाल सांगतो. जाबदाराला हे प्रतिज्ञापत्र द्यायला जास्तीत जास्त ४ आठवडे आहेत, आणि खोटं लिहिलं तर कारवाई होऊ शकते. हे अर्जदारालाही तितकंच लागू आहे. शिकवणीचे पैसे लपवणारी पत्नी स्वतःचाच अर्ज कमकुवत करते.

पोटगी फक्त बायकोलाच, हेही खरं नाही. कलम २४ खाली नवराही मागू शकतो. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नांदेडच्या प्रकरणात शिक्षिकेने घटस्फोटित पतीला अंतरिम ३,००० रुपये दरमहा देण्याचा आदेश कायम ठेवला. मात्र विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालं असेल, तर हा हक्क पत्नीपुरताच आहे. लग्नच मुळात रद्दबातल असल्याचं दिसत असलं तरी दावा चालू असताना अंतरिम पोटगी देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलं. गोव्यात हिंदू विवाह कायदा लागू नाही, पण कलम १४४ आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा तिथेही आहेत.

‘तीन ठिकाणी अर्ज, तीनपट पैसे’ असंही होत नाही. वेगवेगळ्या कायद्यांखाली अर्ज करता येतात, पण आधीचा आदेश उघड करावा लागतो आणि ती रक्कम नंतरच्या आदेशात धरली जाते.

आदेश झाला आणि पैसेच दिले नाहीत तर? पगारातून कपात होते, मालमत्ता जप्त होऊ शकते. कलम १४४ खालच्या थकबाकीसाठी वॉरंट निघतं आणि तुरुंगवासही होऊ शकतो. तिथे एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करायला मात्र विसरू नये.

वेळेबद्दल खोटी आशा दाखवायची नाही. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अर्ज निकाली काढावा, असं कायदा म्हणतो. नागपूरच्या त्या प्रकरणात अर्ज २०१३ चा होता, आदेश २०१५ मध्ये झाला. पत्नीला १५,००० रुपये आणि मुलाला वेगळी रक्कम, आणि थकबाकी १२ आठवड्यांत भरण्याचा हुकूम यायला २०२० उजाडलं. पण त्याच निकालाने एक पक्का आधार दिला: पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची. खटला कितीही लांबला तरी ते महिने बुडत नाहीत. अर्जाआधीचे महिने मात्र यात येत नाहीत.

तेव्हा तडजोड होईल, बघू पुढच्या तारखेला, असं म्हणत अर्ज लांबवू नका. वकिलासाठी पैसे नसतील तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते.