वस्तूची वंशावळ

अमेरिकेत १९७७ साली प्रदर्शित झालेल्या 'स्टार वॉर्स' या चित्रपटात ल्यूक स्कायवॉकर नावाच्या तरुणाच्या हाती वडिलांची म्हणून जी प्रकाशाची तलवार येते, तिची मूठ म्हणजे वस्तुतः एका जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशची दांडी होती, ही गोष्ट प्रेक्षकांपैकी फारच थोड्यांच्या ध्यानात आली असेल. परंतु ज्यांच्या ध्यानात आली, त्यांनी ती तेवढ्यावर सोडली नाही. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार ज्या ग्राफ्लेक्स कंपनीचे कॅमेरे वापरीत, त्याच कंपनीची ही दांडी असून ती चित्रपटाच्या नेपथ्य-सजावटीचे काम पाहणाऱ्या रॉजर ख्रिश्चन यांना लंडनमधील छायाचित्रण-साहित्याच्या एका दुकानात मिळाली, तिच्यावर त्यांनी काळ्या पट्ट्या चिकटवल्या, आणि मधल्या खाचेत एका कॅल्क्युलेटरमधील भिंगांची पट्टी बसवली, इतका तपशील या रसिकांनी हुडकून काढला. आणि पट्ट्या किती होत्या, कोणत्या दृश्यात त्या किती अंतरावर दिसतात, याविषयीचे त्यांचे वाद वर्षानुवर्षे चालले. १९८२ च्या 'ब्लेड रनर'मधील नायकाचे पिस्तूल हे एका ऑस्ट्रियन रायफलीचे आणि एका अमेरिकन रिव्हॉल्व्हरचे भाग जुळवून तयार केले होते, हेही असेच उजेडात आले. '२००१ : अ स्पेस ओडिसी' या १९६८ च्या चित्रपटातील अंतराळवीर ज्या काट्या-चमच्यांनी जेवतात, ते आर्ने याकोबसन या डॅनिश वास्तुशिल्पज्ञाने १९५७ साली रेखाटलेले असून बाजारात सर्रास मिळत होते.

हा उद्योग रिकामटेकड्यांचा आहे असे म्हणून जे त्याची संभावना करतात, त्यांच्याशी मी सहमत नाही. भविष्यकाळाचे चित्र रंगवणारा कलावंत कितीही प्रतिभावान असला, तरी त्याला हाताशी असलेल्या वर्तमानातल्याच वस्तू उचलाव्या लागतात. म्हणून विज्ञानपटातील प्रत्येक अद्भुत वस्तूला एक साधा, लौकिक भूतकाळ असतो, आणि पुरेशा चिकाटीने शोध घेतला तर तो सापडतो. कारखान्याचे नाव मिळते, नमुन्याचा क्रमांक मिळतो, दुसरी तशीच वस्तू हाती घेऊन पडद्यावरील चित्राशी ताडून पाहता येते. दाव्याची रुजुवात करण्याची ही सोय असल्यामुळे तेथील वाद कितीही चिवट झाले तरी बहुधा निकालाला लागतात.

आपल्या सातारा-सांगलीकडे विज्ञानपटांची अशी परंपरा निर्माण झाली नाही. आपल्या कल्पनेचे अद्भुत जग पुढच्या शतकांत नसून मागच्या शतकांत आहे, आणि त्यामुळे बारीकसारीक वस्तूंवर नजर रोखणारा आपला रसिक ऐतिहासिक चित्रपटाला व नाटकाला जाऊन बसतो. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेव्हापासून या नगरीला पात्राच्या हातातील धनुष्याकडे आणि डोक्यावरील मुकुटाकडे पारखून पाहण्याची सवय जडली असावी, असे मला वाटते. भावे स्वतः लाकडी बाहुल्या घडवणारे कारागीर होते, हेही येथे स्मरणीय आहे. साताऱ्याकडे वाईजवळच्या मेणवलीचा कृष्णाकाठचा घाट 'स्वदेस' या २००४ च्या चित्रपटात उत्तर प्रदेशातील एका गावाचा म्हणून दाखवला गेला. त्या कथेचा नायक 'नासा'त पर्जन्यमापनाच्या उपग्रहावर काम करणारा शास्त्रज्ञ आहे; पण वाईकर प्रेक्षकाची दृष्टी त्या उपग्रहाआधी नाना फडणविसांच्या घाटाच्या पायऱ्या ओळखते, आणि तेथे टांगलेली वसईच्या चर्चमधील घंटा चित्रात आली की नाही, याचाही शोध घेते.

ऐतिहासिक चित्रपटानंतर आपल्याकडे ज्या चर्चा रंगतात त्यांत पहिला मान तलवारीचा असतो. नायकाच्या हाती वक्र पात्याची तलवार दिली तर कोणी म्हणतो की मराठ्यांची धोप सरळ पात्याची असे. त्यावर दुसरा सांगतो की पाती युरोपातून येत आणि मुठी इकडे बसवल्या जात, म्हणून अशा तलवारींना फिरंग म्हणत, तेव्हा पाते सरळ असले तरी ते येथलेच समजू नये. हे दोघेही बरोबर असतात, आणि अशा वादातून ऐकणाऱ्याला चार गोष्टी नव्याने कळतात. परंतु या सर्व वादांत जो सर्वांत गहन आहे, आणि ज्यात सातारा शहर अलीकडेच प्रत्यक्ष गुंतले होते, तो वाघनखांचा होय.

१० नोव्हेंबर १६५९ रोजी, आजच्या सातारा जिल्ह्यातील प्रतापगडाच्या पायथ्याशी, शिवाजी महाराजांची आणि अफझलखानाची भेट झाली. तो प्रसंग भालजी पेंढारकरांपासून २०२२ च्या 'शेर शिवराज'पर्यंत अनेकांनी आपापल्या परीने पडद्यावर आणला, आणि प्रत्येक वेळी प्रेक्षकांनी तोच प्रश्न विचारला : महाराजांच्या कोणत्या हातात कोणते शस्त्र होते? राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिल्या गेलेल्या सभासदाच्या बखरीत वाघनख आणि बिचवा ही दोन्ही शस्त्रे येतात; कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'त मात्र कृपाणाचे वर्णन आहे. नेपथ्यकाराने यांपैकी कोणाचे ऐकावे, हा प्रश्न सोपा नाही, आणि नखे चार की पाच, कड्या कोणत्या बोटांत, हे तर त्याला स्वतःच्या जबाबदारीवर ठरवावे लागते.

अशा स्थितीत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील पोलादी वाघनख तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आणण्याचा करार ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला, आणि जुलै २०२४ मध्ये ते साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लोकांसमोर ठेवले गेले. साताऱ्याची निवड उचित होती. कारण ही वस्तू ज्याच्या घराण्यातून लंडनच्या संग्रहालयाकडे गेली, तो जेम्स ग्रँट डफ १८१८ नंतर साताऱ्यासच कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता, आणि मराठ्यांच्या इतिहासाचे १८२६ साली प्रसिद्ध झालेले त्याचे तीन खंड येथील दफ्तरांच्या आधाराने सिद्ध झाले. दोन कड्या आणि चार नखे असलेल्या त्या लहानशा शस्त्राबरोबर एक पेटी आहे, आणि त्या पेटीवरील इंग्रजी मजकुराचा आशय असा की, शिवाजीने मोगल सेनापतीला ज्याने मारले ते हे वाघनख असून, ग्रँट डफ साताऱ्यास रेसिडेंट असताना पेशव्याच्या प्रधानाने त्यास ते दिले.

या मजकुराकडे विज्ञानपटाच्या रसिकाच्या नजरेने पाहिले पाहिजे, म्हणजे काय दिसते ते पाहा. अफझलखान मोगलांचा नव्हे, विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता. सबब पहिल्याच वाक्यात चूक आहे, आणि ती चूक मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने स्वतः केली असेल हे संभवत नाही. दुसरे असे की, बाजीरावाने जून १८१८ मध्ये शरणागती पत्करल्यावर पेशवाईच उरली नव्हती, तेव्हा रेसिडेंटला भेट देणारा प्रधान पूर्वाश्रमीचाच असू शकतो, आणि तो कोण हे मजकुरात नाही. यावरून ही वस्तू खोटी ठरते काय? मुळीच नाही. इतकेच ठरते की पेटीवरचे लेखन मागाहून, ऐकीव माहितीवर झाले असावे. खुद्द लंडनच्या संग्रहालयानेही हे वाघनख महाराजांनी वापरलेलेच आहे असे सिद्ध करता येत नाही, ही भूमिका घेतली आहे, आणि कोल्हापूरचे इतिहास-अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी हाच आक्षेप जाहीरपणे मांडला, तेव्हा त्यांच्यावर पुष्कळांचा रोष झाला. मला तो रोष अनाठायी वाटतो. ज्याचे एखाद्या गोष्टीवर खरे प्रेम असते, तोच तिचा दाखला मागतो.

येथे एक विलक्षण विरोध उभा राहतो. जी प्रकाशाची तलवार कधी अस्तित्वातच नव्हती, तिच्या मुठीची वंशावळ आज कारखान्यापर्यंत ठाऊक आहे. आणि ज्या शस्त्राने आपल्या इतिहासाची दिशा वळवली, त्याची वंशावळ एका पेटीवरच्या चार ओळींवर थांबते. कारण पहिल्या बाबतीत वस्तू ज्या हातांतून गेली त्या प्रत्येक हाताचा माग ठेवता आला. दुसऱ्या बाबतीत १६५९ पासून १८१८ पर्यंतची दीडशेहून अधिक वर्षे कोणत्या जामदारखान्याच्या फेरिस्तात हे शस्त्र होते, हे सांगणारा कागद पुढे आलेला नाही.

वस्तूची पारख कशी करावी, हे शिकायचे असेल तर मिरजेस जावे. तेथील शिकलगार मूळचे शस्त्रांना धार लावणारे. शस्त्रांची मागणी ओसरल्यावर एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब आणि त्यांच्या घराण्यातील कारागिरांनी भोपळ्याचे तंबोरे व सतारी घडवण्याची विद्या आत्मसात केली, आणि आज मिरजेच्या या वाद्यांना भौगोलिक मानांकन लाभले आहे. त्या गल्लीतला कारागीर संगीतपट पाहताना गायकाच्या गळ्याकडे नव्हे, त्याच्या मांडीवरच्या तंबोऱ्याकडे पाहतो. घोडीची जवारी काढलेली आहे काय, खुंट्या कशा बसवल्या आहेत, भोपळ्याला घेर किती आहे, हे त्याच्या बोटांना माहीत असते. आणि त्यावरून वाद्य खरे की केवळ शोभेचे, हे त्याला ते वाजण्यापूर्वीच कळते. हाताने घडवल्यामुळे आलेले असे ज्ञान आपल्या नेपथ्यकारांनी विचारून घेतले, तर चित्रपटांतील अर्धे प्रमाद टळतील.

म्हणून माझी निर्मात्यांना एक विनंती आहे. ऐतिहासिक चित्रपटाच्या शेवटी नामावली दाखवता, तीत शस्त्रे, पोशाख व वाद्ये कोणत्या संग्रहातील नमुन्यावरून घडवली, कोणत्या बाबतीत बखर प्रमाण मानली आणि कोठे केवळ कल्पनेने काम भागवले, याची एक छोटी यादी जोडावी. आणि प्रेक्षकहो, आपणही वाद जरूर घाला. मात्र 'आमच्या वाचनात असे आहे' एवढ्यावर न थांबता, ग्रंथ कोणता आणि तो केव्हाचा, हे सांगून घाला.