घासणं वेगळं, कल्हई वेगळी

आमच्या धाराशिवात, म्हणजे परवापरवापर्यंतच्या उस्मानाबादेत, गाड्या धुऊन देणाऱ्या दुकानांवर एक पाटी हमखास दिसते : 'वॅक्स-पॉलिश करून मिळेल.' या दोन शब्दांमधली ती छोटी रेघ मला फार महागात पडली. कवितासंग्रहाच्या छपाईसाठी बाजूला काढलेले पैसे तिच्यापायी गेले. ते कसं, तेच आज सांगणार आहे.

माझी गाडी सेकंडहँड, गडद निळ्या रंगाची. ईदच्या आधी एकदा, भाचीच्या लग्नाआधी एकदा आणि मग मुलीच्या निकाहच्या आधी, असं वर्षभरात तीनदा मी तिला वॅक्स-पॉलिश करून घेतलं. प्रत्येक वेळी गाडी आरशासारखी चमकली. मी खूश. तिसऱ्या खेपेनंतर मात्र बॉनेटच्या कडेला हाताएवढा फिकट चट्टा दिसला. धूळ असेल म्हणून पुसला, जाईना. शेवटी गाड्या रंगवणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराला दाखवला. तो म्हणाला, "चाचा, ही घाण नाही. वरचा थरच घासून संपलाय. आता पुसून काय होणार?"

मला एकदम अब्बांची आठवण झाली. अब्बा कल्हई करायचे. मोहल्ल्यातली पितळेची पातेली आमच्या दारात येऊन पडायची. भट्टी पेटण्याआधी पातेलं आतून वाळूनं घासावं लागे. ते काम माझं. पातेल्यात उभं राहून, भिंतीला धरून, कमरेतून गरागरा फिरायचं. पितळ लख्ख झालं की अब्बा ते तापवत, नवसागराची पूड टाकत, कथील फिरवत आणि कापसाच्या बोळ्यानं सगळीकडे पसरवत. क्षणात आत चांदी पसरल्यासारखं व्हायचं. घासण्यानं पातेलं थोडं झिजायचं. कल्हईनं मात्र त्यावर एक पातळ थर चढायचा आणि त्यामुळे आंबट वरण कळकत नसे. दोन्ही कामं एकाच अंगणात व्हायची, पण एकाला दुसरं म्हणण्याची चूक आमच्या घरात कुणी केली नसती. गाडीच्या बाबतीत ती मी केली.

आता गाडीकडे येऊ. गाडीच्या पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर असतो, त्यावर अस्तर, त्यावर रंग आणि सगळ्यांत वर काचेसारखा पारदर्शक थर. त्याला 'क्लिअर कोट' म्हणतात. हे सगळे थर मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरते. त्यातला पारदर्शक थर 40-50 मायक्रॉनचा. आपल्या डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीची सगळी शोभा केसापेक्षाही पातळ अशा थरावर उभी आहे. उन्हातले अतिनील किरण अडवणारी द्रव्यंही याच थरात असतात.

मग गाडी निस्तेज का दिसते? नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीचं अडवलेलं पाणी पाहा. वारा नसला की त्यात तटाचं प्रतिबिंब स्वच्छ दिसतं. वारा सुटला की ते फुटतं. पाणी तेच, पृष्ठभाग बदलला. गाडीवरही धुळीच्या फडक्यानं बारीक ओरखडे पडतात आणि उजेड इकडेतिकडे विखुरतो. पॉलिश म्हणजे अतिशय बारीक कण असलेली मलई. ती ओरखड्यांच्या आजूबाजूचा भाग झिजवून पृष्ठभाग सपाट करते. चमक येते ती काही लावल्यामुळे नव्हे, थोडं काढून टाकल्यामुळे. रबिंग कंपाउंड हे त्याचंच जास्त खरखरीत भावंड. हे काम दर वेळी त्या केसाहून पातळ थरातून थोडा वाटा नेतं आणि कडांवर, उंचवट्यांवर मशीन जास्त खातं. माझा चट्टा नेमका कडेलाच होता.

वॅक्स म्हणजे कल्हई. चांगल्या वॅक्समध्ये ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं कार्नोबा नावाचं मेण असतं. ते 80 अंशांहून थोड्या जास्त तापमानाला वितळतं. हा थर ओरखडे काढत नाही, फार तर किंचित झाकतो. पण पाणी टिकू देत नाही, पक्ष्यांची विष्ठा आणि धूळ थेट रंगाला भिडू देत नाही. तो कायमचा नसतो. काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत उडतो. आपल्याकडच्या उन्हात त्याहूनही लवकर.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा. आधी भरपूर पाण्यानं धुणं, कारण धुळीवर फडकं फिरवणं म्हणजे वाळूनं घासणंच. बोअरचं क्षाराचं पाणी गाडीवर वाळू देऊ नका, पांढरे डाग बसतात. पॉलिश गरज असेल तरच, आणि तेही क्वचित. ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर ओरखडा खोल आहे, तो पॉलिशनं काढायच्या भानगडीत पडू नका. शेवटी वॅक्स. ते सावलीत, पत्रा गार असताना, अगदी पातळ लावायचं आणि मऊ कापडानं पुसायचं. वॅक्स दर दोन-तीन महिन्यांनी लावलं तरी नुकसान नाही. धुताना पाण्याचे मोत्यासारखे थेंब उभे राहत असतील, तर आधीचं वॅक्स शाबूत आहे असं समजा.

जुन्या अ‍ॅम्बॅसेडर-पद्मिनीसारख्या पुष्कळ गाड्यांना पारदर्शक थर नसायचा. त्या पॉलिश करताना फडक्यावर रंगच यायचा. झिजतंय हे डोळ्यांना दिसायचं, हात आपोआप थांबायचा. आता फडकं स्वच्छ राहतं, म्हणून आपल्याला काही गेल्याचं कळत नाही.

दुकानात गेलात की एवढंच विचारा : "बाटलीतल्या औषधात घासणारे कण आहेत का?" असतील तर ते पॉलिश, नाव काहीही असो. हे त्या दुकानातल्या पोरांनाही कुणीतरी सांगायला हवं. माझी गाडी घासणारा मुलगा मन लावून काम करत होता. त्याला फरक ठाऊक नव्हता, आणि मी कल्हईवाल्याचा मुलगा असून मलाही तो आठवला नाही.

बॉनेट पुन्हा रंगवून घेतलं. संग्रह अजून छापायचा आहे. दरम्यान त्यातल्या कवितांवरून पुन्हा हात फिरवतो आहे, पण जपून. कडा झिजू नयेत एवढंच पाहतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)