हजेरी

हजेरी : एखादी व्यक्ती नियत स्थळी व नियत वेळी उपस्थित असल्याची नोंद. ‘उपस्थित’ या अर्थाच्या ‘हाजिर’ ह्या मूळ अरबी शब्दापासून फार्सीमार्गे ही संज्ञा मराठीत रूढ झाली. ज्या तक्त्यावर ही नोंद करतात, त्यास हजेरीपट किंवा मस्टर म्हणतात.

चिनी भाषेत याच अर्थी ‘छ्येनताव’ हा शब्द आहे. ‘छ्येन’ म्हणजे सही करणे व ‘ताव’ म्हणजे येऊन पोहोचणे. सभा, शाळा, कचेरी इ. ठिकाणी आल्याची सही करण्यास तो योजतात. संगणकप्रणालीत प्रवेश करण्यास मात्र ‘तंगलू’ हा निराळा शब्द आहे. चिनी शब्दात येणाऱ्याची सही अभिप्रेत आहे. मराठीत नोंदीमागील संबंध क्रियापदावरून कळतो : पाहुणे समारंभास हजेरी लावतात, शिक्षक वर्गाची हजेरी घेतात, तर सक्तीने बांधलेला मनुष्य हजेरी देतो. ‘हजेरी घेणे’ याचा खरडपट्टी काढणे असाही लाक्षणिक अर्थ आहे.

ह्या सक्तीस महाराष्ट्रात सामाजिक इतिहास आहे. कोल्हापूर संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड ह्या जातींवर लादलेली हजेरी राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये बंद केली. ब्रिटिश अंमलात गुन्हेगार जमाती कायद्यान्वये (१८७१, सुधारित १९११ व १९२४) पारधी, कैकाडी इ. जमातींच्या लोकांना पोलिसांकडे ठराविक वेळी हजेरी द्यावी लागे. अपराध सिद्ध न होताही केवळ जन्मामुळे हे बंधन येई. १९५२ मध्ये हा कायदा देशभर रद्द झाला.

याउलट, श्रमिकाच्या दृष्टीने हजेरी हा हक्काचा पुरावा होय. १९७२ च्या दुष्काळात अहमदनगरसह (आताचे अहिल्यानगर) अवर्षणग्रस्त जिल्ह्यांत दुष्काळी कामे निघाली. त्यांवरील मजुरी हजेरीपटावरील नावावर अवलंबून असे. राज्याचा रोजगार हमी अधिनियम १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. पटावर नाव राहिले, तर केलेल्या कामाची मजुरी बुडे. खोटी नावे चढली, तर सार्वजनिक पैशाचा अपहार होई. हा गैरप्रकार टाळण्यासाठी महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेत १ जानेवारी २०२३ पासून भ्रमणध्वनीवर छायाचित्रासह हजेरी सक्तीची करण्यात आली. तथापि संपर्कजाल नसलेल्या ठिकाणी प्रत्यक्ष राबणाऱ्याची नोंदही राहून जाण्याचा धोका त्यात होता. नोंदीचे साधन बदलले, तरी ती अचूक होणे मजुराच्या दृष्टीने तितकेच निर्णायक राहिले.