हिश्श्याचा शब्द: भाऊबंदकी

महाराष्ट्रात एखादा पक्ष फुटला, साखर कारखान्याच्या संचालक मंडळात दोन गट पडले किंवा काका-पुतणे समोरासमोर उभे राहिले, की वर्तमानपत्राच्या मथळ्यात ‘भाऊबंदकी’ येणारच. पाठोपाठ ‘दुहीचा शाप’ही येतो, जणू हा मराठी माणसाच्या रक्तातलाच एक दोष असावा. हे निदान मला पटत नाही. भाऊबंदकी हा शब्द स्वभावाबद्दल काही सांगतच नाही. तो सांगतो ते एका व्यवस्थेबद्दल, जिथे हक्क सामाईक असतो आणि त्याची वाटणी धड होत नाही. शब्दाची घडणच पाहावी. पाटलाच्या पदाला, हक्काला आणि मानाला मिळून पाटीलकी म्हणतात. त्याच घाटाची गावकी, भावकी आणि भाऊबंदकी. म्हणजे मुळात हे भाऊबंद असण्याचे, आणि त्या नात्याने मिळणाऱ्या हिश्श्याचे नाव. त्याचा अर्थ भांडणाकडे झुकला हे नवल नाही, कारण आपल्या भाषेने हीच वाट इतर शब्दांनाही दाखवली आहे. कोर्टात लावतो तोही दावा आणि मनात धरतो तोही दावाच. जुन्या मराठीत दावेदार म्हणजे हक्क सांगणारा आणि वैरीही. संस्कृतात ‘भ्रातृव्य’ म्हणजे पुतण्या किंवा चुलतभाऊ, आणि शत्रूसुद्धा. पाणिनीला या दोन अर्थांसाठी दोन निरनिराळी सूत्रे द्यावी लागली.

या अर्थाची खरी पेठ म्हणजे वतन, म्हणजे वंशपरंपरेने चालणारे पद आणि त्याचे हक्क. वतनाच्या जमिनीच्या तक्षिमा (हिस्से) पाडता येत, निम्मी पाटीलकी विकताही येई. पण मानपानाचे तुकडे कसे करणार? पोळ्याला पुढे कोणाचा बैल, होळीला पहिली पोळी कोणाची, पहिला विडा कोणाला, कागदावर आधी कोणाची निशाणी, हे वडीलपणावर ठरे. मग घराण्याची थोरली पाती कोणती आणि धाकटी कोणती, यावर महजर (निवाड्याचे कागद) होत, गोतसभा बसत, आणि साक्षीपुराव्याने निवाडा होईना तेव्हा दिव्यही करावे लागे. याच वतनापायी कारीच्या नाईकजी जेध्यांना त्यांच्याच भावांनी मारले. त्यांचे तान्हे पुत्र कान्होजी कसेबसे वाचले. कॉर्सिकातल्या ‘व्हेंडेटा’ची तुलना इथे उपयोगी पडते. तिथे हिशेब रक्ताचा असतो, एका खुनाची फेड दुसऱ्या खुनाने होते. आपल्याकडे खून झाला तरी तो हिश्श्यासाठी, आणि हिस्सा नीट पडला तर वैर थंडही होते. मराठ्यांच्या दोन गाद्यांचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. 1707 मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि काकू ताराबाईंशी त्यांचे युद्ध सुरू झाले. पुढे कोल्हापूरच्या संभाजीराजांशीही ते चालू राहिले. ते निवळले 1731 च्या वारणेच्या तहाने, आणि या तहात मुख्य काम एकच झाले: वारणा नदीची हद्द धरून दोन राज्ये वेगळी केली. कोणाचे मन बदलले म्हणून नव्हे, तर सीमा ठरली म्हणून दोन्ही गाद्या नांदल्या.

यावर सगळ्यात मोठा आक्षेप नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात जे घडले त्यात सत्तेची हाव आणि सूड याशिवाय काय दिसते, असे कोणीही विचारील. हाव होतीच. पण तिला रूप कोणते मिळाले हे पाहिले पाहिजे. नारायणरावांच्या आधीचे पेशवे थोरले माधवराव यांच्याशी त्यांचे काका रघुनाथराव लढले ते राज्याच्या वाटणीची मागणी पुढे करून. आळेगावची लढाई, मग 1768 ची धोडपची, मग वाड्यातली नजरकैद, असे हे प्रकरण वाढत गेले. पेशवाई हे पद. त्याचे दोन वाटे होऊ शकत नव्हते आणि रघुनाथरावांचा दावा पुसूनही टाकता येत नव्हता. खुनानंतर पेशवे झालेल्या रघुनाथरावांना बारभाईंनी, म्हणजे विरोधी कारभाऱ्यांच्या गटाने, हटवले, 1782 च्या सालबाईच्या तहाने त्यांना पेन्शन लावून दिले, तरी दावा शिल्लक राहिला, आणि 1796 मध्ये त्यांचाच मुलगा दुसरा बाजीराव गादीवर बसला. नाटककार खाडिलकरांनी 1909 मध्ये याच विषयावर नाटक लिहिले आणि त्याचे नावच ‘भाऊबंदकी’ ठेवले. काँग्रेस सुरतेला फुटून तेव्हा दोनच वर्षे झाली होती. घरातल्या हिश्श्याचा हा शब्द राजकारणाच्या मथळ्यात रुळण्यात या नाटकाचा वाटा मोठा असावा, असे मला वाटते.

वतने गेली, परगणा आणि कुलकर्णी वतने 1951 मध्ये, पाटीलकी 1962 च्या कायद्याने. भाऊबंदकी मात्र बांधावर जाऊन बसली. सातबाऱ्यावर चार भावांची नावे सामाईक, खातेफोड झालेली नाही, विहीर एक आणि पाण्याच्या पाळ्या तोंडी ठरलेल्या. नांगरताना दरवर्षी वीतभर बांध कोरला जातो आणि मोजणीला कोणीच पैसे भरत नाही. एकमेकांची जमीन बारा वर्षांहून अधिक काळ कसणाऱ्यांना नाममात्र शुल्कात अदलाबदल करू देणारी ‘सलोखा’ योजना सरकारने 2023 मध्ये काढली. तिच्या नावात प्रेम असले तरी काम नोंदणीचेच आहे, आणि ते योग्यही आहे. भांडण लांबते ते नाते तुटत नाही म्हणूनही. परक्याशी बिनसले तर त्याचे तोंड पाहायचे नाही, एवढ्यावर भागते. भावकीत अबोला वीस वर्षांचा असला तरी सुतक दोन्ही घरे पाळतात.

आता कोणी म्हणेल, शब्द लोकांचा असतो, लोक कुठल्याही कलहाला भाऊबंदकी म्हणत असतील तर तोच अर्थ. पण लोक तसे म्हणत नाहीत. दोन वेगळे पक्ष कितीही हमरीतुमरीवर आले तरी ती भाऊबंदकी होत नाही. एका पक्षाची दोन शकले झाली, आणि नाव, चिन्ह, कार्यालय, संस्थापकाचा वारसा कोणाकडे हा प्रश्न आला, की शब्द अचूक उमटतो. पाटीलकीच्या मानासारखेच चिन्हाचेही वाटे पडत नाहीत.

शब्द तोकडा पडतो तो दुसरीकडे. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा जन्मसिद्ध हक्क दिला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दलचा संदिग्धपणाही काढून टाकला. तरी वडील गेले की बहिणींपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. सही केली तर तिचा हिस्सा गेला, नाही केली तर माहेर तुटण्याची भीती. भावाने वाटणी मागितली तर ती भाऊबंदकी, आणि बहिणीने मागितली तर तिला सुटसुटीत असा एकही शब्द मराठीत अजून रुळलेला नाही. तिच्या वाट्याला येतो तो फक्त ‘माहेरावर उलटली’ हा शेरा.