हॉटेलात बसण्याचा हक्क मिळाला, आता विचारण्याचा हक्क बजावूया

कांदा लागवडीचे दिवस आले की देवळा तालुक्यातल्या आपल्या वस्त्यांमध्ये संध्याकाळची चूल उशिरा पेटते. सकाळी अंधारात पिकअपमध्ये बसून गेलेल्या बायका दिवे लागल्यावर परततात. दिवसभर वाकून कंबर धरलेली असते, बोटे चिखलाने फुगलेली असतात. अशा वेळी घरातले पोर म्हणते, "आई, आज गाडीवरून मंचुरियन आणू का?" आणि आई कनवटीचे पैसे काढून देते. आम्ही तिला दोष देणार नाही. बाहेरून आलेले ते पार्सल म्हणजे तिला मिळालेली तासाभराची विश्रांती असते.

पूर्वी बाहेरचे खाणे यात्रेला किंवा तालुक्याला कामासाठी गेल्यावरच व्हायचे. आता देवळ्याच्या बसस्थानकाच्या परिसरात, विंचूर-प्रकाशा रस्त्याच्या कडेला, लोहोणेर-उमराण्यासारख्या गावांतही वडापाव, पाणीपुरी, चायनीज मिळते. मजुरीचा दिवस, वाढदिवस, १४ एप्रिलची मिरवणूक, प्रत्येक निमित्ताला पावले तिकडे वळतात. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर 'बाहेरचे खाऊ नका' असे सांगण्यापेक्षा 'बाहेर खाताना डोळे उघडे ठेवा' एवढेच आम्हांला सांगायचे आहे.

वेगळ्या कपबशीपासून इथपर्यंत

घरातल्या जुन्या माणसांना एकदा विचारून पाहा. चहाच्या हॉटेलात आपल्यासाठी वेगळी कपबशी असायची, ती बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेली असायची, चहा वरून ओतला जायचा आणि कपबशी आपणच विसळून परत ठेवायची. आत बाकावर बसण्याची सोय नव्हती. पैसे मात्र तेवढेच घेतले जायचे.

१९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याची ओंजळ उचलली, ती याच माणुसकीच्या हक्कासाठी. पुढे संविधानाच्या १५व्या अनुच्छेदात दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांत जातीच्या कारणाने कोणालाही अडवता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले गेले. १७व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने तर हॉटेलातली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरवला. आज आपले पोर गाडीसमोरच्या खुर्चीवर बसून इतरांसारख्याच प्लेटमध्ये खाते, त्यामागे हा इतिहास आहे.

म्हणून बाहेर खाणे ही आपल्याकडे नुसती जिभेची गोष्ट नाही. पण ज्या माणसाला त्या खुर्चीवर बसण्याचा हक्क आहे, त्याला समोर आलेल्या ताटात काय आहे हे विचारण्याचाही हक्क आहे. पहिला हक्क आपण वापरतो. दुसरा वापरायला अजून संकोचतो. आपण विचारले तर गाडीवाला काय म्हणेल, बाकीचे लोक हसतील का, असे मनात येते. हा संकोच आता सोडला पाहिजे, कारण त्याची किंमत आपले शरीर मोजते आहे.

मीठ दिसत नाही, पण असते

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे सगळे मिळून साधारण एक सपाट छोटा चमचा. आता गाडीवरचा हिशेब पाहा. एक मोठा चमचा सोया सॉस म्हणजे सुमारे सव्वादोन ग्रॅम मीठ. राईसवर दोन पळ्या सोया सॉस पडला की दिवसाचा कोटा जवळपास संपला. त्याशिवाय वेगळे मीठ, चिली सॉस, शेजवान चटणी आणि सोबतचे सूप वेगळेच.

जास्त मिठाने रक्तदाब वाढतो. रक्तदाब बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही. माणूस रोज कामावर जातो, आणि एक दिवस तोंड वाकडे होते, हात उचलत नाही. घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळला की काय होते, हे आपण वस्तीत पाहिले आहे. मुलाची शाळा सुटते, मुलीचे लग्न घाईने उरकले जाते, सावकाराचे दार गाठावे लागते.

घरचे सगळे चांगले आणि बाहेरचे सगळे वाईट असेही नाही. रोजचे लोणचे, पापड, खारवलेल्या मिरच्या, फरसाण आणि ढाब्यावरची तेलात पोहणारी शेवभाजी यांतही मीठ भरपूर असते. हिशेब दोन्हीकडचा ठेवायचा.

अजिनोमोटोचा बागुलबुवा

गाडीवरच्या खाण्याचा विषय निघाला की कोणीतरी म्हणते, "त्यात अजिनोमोटो असतो, तो विष आहे." बाबासाहेबांनी आपल्याला तपासून मान्य करायला शिकवले, म्हणून हेही तपासू. १९०८ साली जपानमधील शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ही चव वेगळी काढली. ज्या घटकामुळे ती चव येते, तो टोमॅटोमध्येही निसर्गतः असतो. थोड्या प्रमाणात तो बहुतेक माणसांना अपाय करत नाही. त्यात मिठापेक्षा सोडियम कमी, म्हणजे सुमारे एक तृतीयांश असते. मात्र तो मिठाच्या जोडीला पडतो, त्यामुळे एकूण बेरीज वाढते. वर्षाच्या आतल्या बाळाला तो देऊ नये. मोठ्यांनी एका पांढऱ्या पुडीला घाबरून सॉस, तेल आणि रंग यांकडे दुर्लक्ष करू नये.

लाल रंग आणि काळे तेल

मंचुरियन हा चीनमधला पदार्थ नव्हे. १९७५ च्या सुमारास मुंबईत नेल्सन वँग यांनी तो पहिल्यांदा बनवला, असे सांगितले जाते. पदार्थ आपलाच आहे, पण त्यावरचा तो भडक लाल रंग मिरचीचा असेलच असे नाही. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरण्यावर बंदी घातली. तिथे मंचुरियनचे १७१ नमुने तपासले, त्यांपैकी १०७ नमुन्यांत असुरक्षित कृत्रिम रंग आढळले. बुढ्ढी के बाल या मिठाईत कापड रंगवायला वापरतात तो रोडामाइन-बी सापडला. खाऊन झाल्यावर बोटे धुतली तरी लाली जात नसेल, तर तो रंग मिरचीचा नाही हे समजावे.

तेलाचेही तसेच. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात अपायकारक घटक साठत जातात. असे घटक २५ टक्क्यांच्या वर गेलेले तेल खाण्यासाठी वापरू नये, असा नियम देशात १ जुलै २०१८ पासून लागू आहे. गाडीवर यंत्र नसले तरी डोळे आणि नाक आहे. तेल काळपट, दाट झाले असेल, कढईत फेस येत असेल, लवकर धूर निघत असेल, खवट वास येत असेल, तर त्या दिवशी तळलेले मागू नये.

आणखी एक सवय मोडायला हवी. वडा किंवा भजी वर्तमानपत्रात बांधून घेऊ नये. छपाईची शाई गरम तेलात उतरते. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ पासूनच याविरुद्ध सूचना दिली आहे. घरून डबा नेणे सर्वांत चांगले.

व्हिएतनामची वाटी

पुण्या-मुंबईच्या उपनगरांत नोकरीला गेलेली आपली मुले आता तिथल्या व्हिएतनामी हॉटेलांतही जातात. अशाच एका मुलाने सुट्टीत आल्यावर आम्हांला विचारले, "व्हिएतनाममध्ये बौद्ध परंपरा जुनी आहे, मग त्यांचे जेवण तब्येतीला चांगले असेल ना?"

प्रश्न चांगला आहे. त्यांचा 'फो' म्हणजे तांदळाच्या शेवया घातलेला गरम रस्सा. त्यावर कोथिंबीर, तुळशीच्या जातीची पाने, मोड आलेले मूग आणि लिंबू. तळणे जवळजवळ नाही. तांदळाच्या पातळ पापडीत कच्ची भाजी गुंडाळलेले रोलही न तळता खातात. तिथले अनेक बौद्ध चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस-मासे वर्ज्य करतात. त्या शाकाहारी जेवणाला तिकडे 'चाय' म्हणतात, आपल्या चहाशी त्याचा संबंध नाही.

पण त्या वाटीतही मीठ आहेच. माशांपासून केलेला त्यांचा सॉस एक मोठा चमचा घेतला तर साडेतीन ग्रॅमच्या आसपास मीठ पोटात जाते. म्हणजे देश बौद्ध आहे म्हणून ताट आपोआप निरोगी होत नाही. शेवया, पाला, भाजी खावी, रस्सा थोडा उरवावा. हेच आपल्या मिसळीच्या रश्श्याला आणि गाडीवरच्या सूपलाही लागू आहे.

व्हिएतनामचे भिक्खू थिच न्हात हान्ह, ज्यांचे जानेवारी २०२२ मध्ये निधन झाले, पाचव्या शीलाचा अर्थ मद्यापुरता ठेवत नसत. शरीराला आणि मनाला अपाय करणारे जे जे आपण आत घेतो, ते जाणून घेणे आणि टाळणे हा त्या शीलाचाच भाग आहे, अशी त्यांची शिकवण होती. विहारात पंचशील म्हणताना ही गोष्टही मनात आणायला हरकत नाही.

मात्रा ओळखणे

पाली साहित्यात कोसलचा राजा प्रसेनजित याची एक गोष्ट आहे. तो एका बैठकीला द्रोणभर भात खायचा. द्रोण म्हणजे त्या काळचे मोठे माप. एकदा असाच जेवून, धापा टाकत तो बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला रागावले नाही. जेवणात मात्रा ओळखणाऱ्याचे दुखणे कमी होते आणि आयुष्य जपले जाते, अशा अर्थाची गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायला सांगितले. हळूहळू राजाचे जेवण नाळीभर भातावर आले आणि शरीर हलके झाले. सवय एका दिवसात मोडली नाही. शेजारी बसून आठवण करून देणारे माणूस लागले. आपल्या घरात हे काम शाळेत जाणारी मुलगी उत्तम करू शकते.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता, रक्तदाबाचा आणि पायांच्या नसांचा त्रास होता. १९४८ साली विवाह झाल्यानंतर डॉ. माईसाहेबांनी त्यांचे पथ्य आणि औषधपाणी सांभाळले. त्या दुखण्यातच 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहून झाला. आजार लपवण्याची किंवा लाजण्याची गोष्ट नाही, सांभाळण्याची आहे.

गाडीवर गेल्यावर

• "भाऊ, तेल आज बदललं का?" असे सरळ विचारा. चांगला गाडीवाला रागावत नाही.

• "रंग नको, सॉस अर्धाच टाका, मीठ कमी" हे ऑर्डर देतानाच सांगा. तयार झाल्यावर सांगून उपयोग नाही.

• तळलेल्या मंचुरियनऐवजी भाजी जास्त घातलेला राईस किंवा अंड्याची भुर्जी मागा. फुल प्लेट दोघांत घ्या.

• पिण्याचे पाणी घरून न्या. टायफॉइड आणि कावीळ पाण्यातून येते. उघडी चटणी आणि आधीपासून चिरून ठेवलेला कच्चा कोबी टाळा.

• प्लेट कशात धुतात ते पाहा. एकाच बादलीतल्या पाण्यात दिवसभर विसळत असतील तर पार्सल घ्या, तेही आपल्या डब्यात.

• अन्न विकणाऱ्याकडे १४ आकडी नोंदणी क्रमांक असतो. तो लावलेला आहे का पाहा. तक्रार असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या टोल फ्री क्रमांकावर सांगता येते.

• आठवड्यातून एकदा पुरे. त्या दिवशी घरच्या जेवणात पापड-लोणचे नको.

आपल्या काही तरुणांनी स्वतः गाड्या लावल्या आहेत, याचा आम्हांला आनंद आहे. त्यांना एकच सांगणे. रंगाऐवजी काश्मिरी मिरची वापरा, तेल वेळेवर बदला, पाण्याचा जार झाकून ठेवा आणि हे सगळे पाटीवर लिहा. लोक चार पावले जास्त चालून तुमच्याकडे येतील.

तिशी ओलांडली की

वयाची ३० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाची रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. उपकेंद्र जवळ असेल तर तिथे, नाहीतर देवळ्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा. मजुरी बुडते म्हणून बायका हे टाळतात. म्हणून आमची सूचना अशी की वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालते, त्यातल्या एका पौर्णिमेला आशाताईंना बोलवा आणि सगळ्यांची तपासणी विहारातच करून घ्या. ज्याचा रक्तदाब जास्त निघेल त्याने गोळी रोज घ्यावी. बरे वाटले म्हणून मधेच सोडू नये.

कांदा लागवड पुन्हा येईल, आई पुन्हा थकून परतेल आणि पोर पुन्हा पैसे मागेल. आईने जरूर द्यावेत. फक्त पैशासोबत डबाही हातात द्यावा आणि सांगावे, "रंग नको म्हणावं, सॉस कमी. आणि तेल कसलं आहे ते विचारून घे." ज्या हॉटेलाबाहेर तिच्या आजीला उभे राहावे लागले, तिथे तिच्या लेकराने मान वर करून हा प्रश्न विचारावा.