कॉफीच्या लागवडीसाठी मृदेची योग्यता

ज्वारीच्या जमिनीविषयी केलेला अदमास चुकला, तर त्याचे दुष्परिणाम बहुधा एका हंगामापुरते राहतात. कॉफीचे तसे नाही. लागवडीनंतर तीन-चार वर्षांनी फळास येणारे व पुढे कित्येक दशके त्याच जागी उभे राहणारे हे झाड होय. जमीन अयोग्य असल्याचे भांडवल व श्रम खर्ची पडल्यावरच प्रत्ययास येते. म्हणून मृदेची परीक्षा लागवडीपूर्वी, आणि तीही योग्य क्रमाने, होणे अगत्याचे असते.

या परीक्षेत रासायनिक पृथक्करणास अग्रस्थान देण्याचा मोह होतो. परंतु ते स्थान खोली व निचरा या भौतिक गुणांचे आहे. नत्र, स्फुरद वा पालाश यांची उणीव खतांनी भरून काढता येते, अतिरिक्त आम्लता चुन्याने कमी करता येते. उथळ खडक मात्र खाली ढकलता येत नाही. सबब सुमारे दीड मीटर खोल खड्डा खणून मृदेचे थर पाहणे ही पहिली पायरी ठरते. कठीण खडक किंवा घट्ट थर किती खोलीवर लागतो, मुळांना वाव आहे काय, आणि पाणी साचल्याची खूण असलेले करड्या रंगाचे ठिपके दिसतात काय, हे तेथे तपासावे लागते.

कर्नाटकातील कोडगू व चिकमगळूर या जिल्ह्यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील तांबड्या मृदा मुख्यतः नीस व शिस्ट या खडकांपासून झालेल्या आहेत. मुसळधार पावसाने त्यांतील चुनखडीसारखी द्रव्ये वाहून गेली असून त्या आम्लधर्मी आहेत. केओलिनाइट या चिकणखनिजाची पोषकद्रव्ये धरून ठेवण्याची शक्ती अल्प असते, तर लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे स्फुरद बद्ध करतात. केवळ पृथक्करणाचे आकडे पाहणाऱ्यास दख्खनची काळी मृदा सरस वाटेल. तथापि काळी मृदा पावसात फुगून निचरा रोखते व उन्हाळ्यात भेगाळून मुळे तोडते. उलट तांबडी मृदा खोल व सच्छिद्र असते. तिची सुपीकता पुष्कळ अंशी सेंद्रिय द्रव्यावर अवलंबून असल्याने सावलीच्या वृक्षांचा पालापाचोळा हा तेथील मृदेचा आधारच होय.

प्रतवारी करताना संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९७६ मध्ये मांडलेली चौकट उपयोगी पडते. तीत अत्यंत योग्य, मध्यम योग्य, सीमांत योग्य आणि अयोग्य असे वर्ग आहेत. या चौकटीच्या आधारे वर्ग ठरविण्याची एक रूढ रीत अशी की, सर्व गुणांची सरासरी न काढता सर्वांत प्रतिकूल गुणावरून तो ठरवावयाचा. सामू ६.२ आहे, सेंद्रिय द्रव्य विपुल आहे, पण ५० सेंटिमीटरवर अखंड कातळ आहे, अशा जमिनीस सरासरीने चांगला वर्ग मिळेल. झाडाला मात्र त्या सरासरीचा काहीच उपयोग नाही. उलट, सामू ५ असलेली खोल, निचऱ्याची जमीन आज मध्यम ठरली, तरी चुना दिल्यावर वरच्या वर्गात जाऊ शकते. म्हणून वर्तमान योग्यता व संभाव्य योग्यता यांची नोंद पृथक् ठेवणे इष्ट होय.

महाराष्ट्रात चिखलदऱ्यास कॉफी होते, तीही बेसाल्टच्या डोंगरावर. यावरून खडकाच्या नावावरून निर्णय देणे किती अपुरे आहे, हे दिसते. पठार, उतार व खोलगट जागा यांत मृदेची खोली व निचरा बदलत असल्याने प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र खड्डा खणावा लागतो.

तात्पर्य, जे सुधारता येते आणि जे सुधारता येत नाही, यांतील भेद ओळखणे हेच मृदापरीक्षेचे मर्म होय.