म्हैस वाचली, कुरण बुडालं

जुलै 2023 मध्ये दिल्लीत यमुना 208.66 मीटरवर चढली आणि 1978 चा 207.49 मीटरचा उच्चांक मागे पडला. काठच्या खादरात, म्हणजे आपल्याकडच्या गाळपेरासारख्या सखल पट्ट्यात, चरणारी जनावरं रस्त्यांवर, उड्डाणपुलांखाली आली. आपत्ती निधीच्या 2022-26 च्या निकषांत दुभती गाय-म्हैस दगावली तर 37,500 रुपये मिळतात. छावणीतल्या चाऱ्या-पाण्यासाठी मोठ्या जनावरामागे दिवसाला 80 रुपये धरलेत. छावणीबाहेर चारा पोचवण्याचं भाडंही निकषांत बसतं. गाळाखाली कुजलेल्या गवताचं मोल मात्र कुठेच नाही. म्हणजे म्हैस वाचवणाराच रिकाम्या हाती राहतो!

जमीनच सरकारी, मग भरपाई कसली, असं कोणी म्हणेल. गवतावरचा मालकी हक्क नाही हे खरं. पण छावणीचे 80 रुपये तरी एकरावर कुठे ठरतात? ते दावणीवर ठरतात, तोच हिशेब कुरणालाही लावता येईल. खोट्या नोंदींची भीती रास्त आहे, तिला जनावराच्या कानातला बारा अंकी पिवळा बिल्ला बऱ्यापैकी आवर घालतो. अमेरिकेतली चराऊ नुकसानीची योजनाही महिन्याचे पैसे ठरवताना जनावरं मोजते. अर्थात दुष्काळासाठी आणि सरकारी कुरणातल्या वणव्यासाठी. पूर तिच्यातही बसत नाही.